आमेन लिहून झाल्यावर

आमच्या मंडळीच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर आता कोणी ‘आमेन’ लिहीत नाही. तसा नियमच केलाय. माझ्या पप्पांमुळे केलाय, आणि करणाऱ्यांचा हेतू चांगला होता हे मला कळतं. तरी मला त्या नियमाचं काडीचंही कौतुक नाही. एक शब्द बंद केला म्हणून झोपलेला माणूस जागा होत नसतो. लोक आता त्याच्या जागी जोडलेल्या हातांचं चित्र टाकतात आणि पुढे सरकतात.

बंगळुरात मराठी बोलणारे आम्ही ख्रिस्ती म्हणजे मूठभर माणसं. निम्मे नगर, पुणे, नागपूरकडून आयटीच्या नोकऱ्यांसाठी आलेले, निम्मे बेळगाव-निपाणीकडचे, जे घरात मराठी बोलतात आणि बाहेर पाय टाकला की अस्सल कन्नड. राजाजीनगरच्या बाजूला एका तमिळ मंडळीचं चर्च आहे. सकाळी त्यांची उपासना असते आणि दुपारी तीननंतर ती इमारत आम्हाला मिळते. आठवडाभर कोणाचं तोंड दिसत नाही. कोण जे. पी. नगरला, कोण के. आर. पुरमला, मधे सगळं ट्रॅफिक. म्हणून ग्रुप.

लॉकडाऊनमध्ये पास्टरांनी तो सुरू केला तेव्हा फार नेकीनं सांगितलं होतं की कोणाचाही विषय आला की आधी डोळे मिटा, त्या माणसाचा चेहरा समोर आणा, मिनिटभर देवाशी बोला आणि मगच आमेन लिहा. आमेन म्हणजे तुमची सही आहे, असं ते म्हणाले होते. पहिले काही महिने लोकांनी ते पाळलंही. मग ते मिनिट कुठेतरी गळून पडलं आणि सही तेवढी उरली. विषय आला की दोन सेकंदांत आमेन. न लिहिणारा उद्धट ठरायचा. मीही भाजी चिरता चिरता अंगठ्यानं लिहायचे.

पप्पा आई गेल्यावर माझ्याकडे आले. नगरकडच्या एका गावात ते शिक्षक होते आणि मंडळीचे वडील होते, म्हणजे पाळकानंतरचा मान त्यांचा. माझ्याकडे आल्यावर वर्षभरात त्यांना विसरायचा आजार जडला. आधी चष्मा, मग वार, मग मी. पत्ता सांगता येत नव्हता, फोन वापरता येत नव्हता. मराठीखेरीज भाषा नव्हती. संध्याकाळ झाली की ‘गावाला जायचंय’ म्हणून दारापाशी उभे राहायचे. आमच्या इमारतीच्या वॉचमनला मी सांगून ठेवलं होतं की ह्यांना एकटं सोडायचं नाही, आणि तो बिचारा खुर्ची सोडून त्यांना परत लिफ्टपर्यंत आणायचा.

त्या रविवारी वॉचमन सुटीवर होता, बदली माणूस होता. नवरा नागपूरला त्याच्या आईकडे गेलेला. मी डोक्यावरून अंघोळ करून बाहेर आले तर दार सताड उघडं. पप्पांच्या खोलीत पलंगावर घरातला सदरा-लेंगा नीट घडी करून ठेवलेला आणि कपाटातून कोट आणि टाय गायब. खाली धावले. बदली वॉचमननं मला अगदी अभिमानानं सांगितलं की तुमचे वडील गेले, मी गेट उघडून सलाम ठोकला. त्याला मी काय बोलणार. कोट आणि टाय घातलेल्या म्हाताऱ्याला या देशात कोणी अडवत नाही.

ओले केस तसेच घेऊन मी गल्ल्या पालथ्या घातल्या. बेकरी, मेडिकल, दर्ग्याच्या मागचा रस्ता. पप्पांच्या मनात गाव म्हणजे रेल्वे, म्हणून जवळचं के. आर. पुरम स्टेशन गाठलं. प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेले. तिथल्याच बाकावर बसून त्यांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं की पप्पा घरातून एकटे बाहेर पडलेत, त्यांना काही सांगता येत नाही, के. आर. पुरमच्या आसपास कोणी असेल तर कृपा करून शोधायला या.

उत्तरं लगेच आली. आमेन. आमेन. आमेन. मोबाइल हातात थरथरत होता आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता कोणीतरी विचारेल, कुठे आहेस, येतो. आमेन. एका बाईंनी लिहिलं, प्रभू तुमच्या वडिलांना पूर्ण बरं करो. दुसऱ्या एकानं लिहिलं की त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. जिवंत माणसाचा फोटो होता तो. मजकूर वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढाही कोणी दिला नव्हता.

मी फोन लावायला सुरुवात केली. गायनमंडळातल्या माझ्या मैत्रिणीनं उचलला. ती प्रेमानंच म्हणाली, “अगं, मी आत्ताच प्रार्थना केली ना ग्रुपवर. तू धीर सोडू नकोस. प्रभूच्या हातात दे.”

“तुझी गाडी आहे ना? जरा येतेस का?”

“तीनला उपासना आहे गं, आज मला विशेष गीत आहे. तू पण ये. तिथं सगळे मिळून मागू.”

बाकीच्यांनी उचलला नाही किंवा उचलून असंच काहीतरी सांगितलं. कोणी वाईट बोललं नाही. कोणी एक जण जरी तुसडेपणानं वागला असता तरी मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. सगळे गोड होते. सगळ्यांचं कर्तव्य करून झालं होतं.

पोलीस ठाण्यात हवालदारानं फोटो पाहिला. “भाषे याव्दु, अम्मा?” मी म्हटलं, मराठी. “कन्नड बरल्वा?” मी मान हलवली, येत नाही. “सरी. स्वल्प वेट माडी.” थांबा म्हणतोय, एवढं कळलं. मी बसून राहिले. त्यानं फोटो कुठेकुठे पाठवला, कोट-टायचं वर्णन लिहून घेतलं, आणि मग शेजारी मारामारीची केस आली आणि तो तिकडे वळला. ऊन चढत होतं. पप्पांनी सकाळची गोळी घेतली नव्हती, पाणी मागायचंही ते विसरत. मला सारखं दिसायचं की ते कुठल्या तरी दुकानासमोर उभे आहेत आणि कोरड्या तोंडानं मराठीत काहीतरी विचारताहेत आणि लोक बाजूनं जाताहेत. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. ‘प्रभू’ एवढंच तोंडातून निघायचं आणि पुढे काही नाही. जन्मभर पाठ केलेलं सगळं कुठे गेलं होतं कोण जाणे.

दुपारी डोक्यात आलं की टाय घातला म्हणजे ते उपासनेलाच निघाले असणार. दुसरं हेही होतं की त्या चर्चमध्ये आता पप्पांचा चेहरा ओळखणारी पन्नाससाठ माणसं एका जागी मिळणार होती. मला ग्रुप नको होता. मला पाय हवे होते, डोळे हवे होते. मी मेट्रोत बसले.

पोचले तेव्हा उपदेश चालू होता. मी प्रत्येक बाकावर नजर फिरवली, दोन्ही बाजूंना, अगदी मागच्या खांबाआडसुद्धा. पप्पा नव्हते. दारातल्या वडीलबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, हातात गीतांचं पुस्तक दिलं आणि कानाशी म्हणाल्या, “बस गं. प्रार्थनेच्या वेळी घेतोय तुझा विषय.”

पास्टर त्या महिन्यात आत्मिक सुस्तीवर बोलत होते. आठवडाभर तेही कंपनीत कोड लिहितात, चाळिशीचे आहेत, सरळ मनाचे. ते सांगत होते की देवाला सोडून गेलेल्या माणसाची मला फारशी भीती वाटत नाही, कारण आपण दूर गेलोय हे त्याला माहीत असतं आणि एक दिवस तो परत फिरू शकतो. भीती वाटते ती जागेवर बसून राहिलेल्याची. त्याचा दिवा कधीच विझलाय, पण हातात दिवा आहे म्हणून तो निर्धास्त आहे. कोमट पाण्याला स्वतःचा कोमटपणा कळत नाही. लोक माना डोलवत होते, नंदीबैलासारखे. काही जण लिहून घेत होते. पुढून कोणीतरी ‘आमेन’ म्हणालं.

मग विषय वाचले गेले. कोणाचा व्हिसा, कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाच्या नव्या फ्लॅटचा ताबा. शेवटी माझा. “आपल्या बहिणीच्या वडिलांची प्रकृती बरी नाही, त्यांनाही आठवू.” सगळे उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले.

मी काय करतेय ते मला कळत होतं. मी मधल्या वाटेनं पुढे गेले आणि म्हणाले, “डोळे उघडा.”

कोणी हललं नाही. प्रार्थना करणारा वडील एक क्षण अडखळला आणि पुढे चालू झाला. “डोळे उघडा,” मी पुन्हा म्हणाले, आता मोठ्यानं. “माझे वडील आजारी नाहीत, हरवलेत. सकाळपासून हरवलेत. डोळे मिटून ते कोणाला दिसणार आहेत?”

“ताई, विश्वास ठेवा,” कोणीतरी हळू आवाजात म्हणालं.

“मोबाइल काढा,” मी म्हटलं. “सकाळी ज्याच्यावर आमेन लिहिलंत ते आता वाचा. मोठ्यानं नको, मनात वाचा. पण वाचा.”

माझा राग कोणाला आवडला नाही हे दिसत होतं. तरी पास्टरांनी खिशातून मोबाइल काढला, आणि ते पाहून बाकीच्यांनी. काही क्षण चर्चमध्ये नुसती बोटं हलत होती. मग डावीकडच्या बाकावरून निपाणीकडचे एक गृहस्थ उठले. बँकेत काम करतात, अतिशय भला माणूस. ग्रुपवर सगळ्यात आधी आमेन त्यांचं असायचं.

“अक्का,” ते म्हणाले, “मी बघितलो की त्यांना.”

मला आधी कळलंच नाही.

“के. आर. पुरमच्या पुलाखालच्या बसस्टॉपवर. मी सलाम केलो, ते पण सलाम म्हणाले. गावाला जायचंय म्हणाले. मी म्हटलो, गावाला जायला मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडवरून गाडी मिळेल. मीच हात धरून बसवलो बसमध्ये. कंडक्टरला कन्नडमध्ये सांगितलो, अज्जांना नीट उतरवा म्हणून.” त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “आमेन मी आधीच लिहिलो होतो. स्टॉपवर उभा राहूनच लिहिलो. फोटो उघडलो नाही, खालचं वाचलो नाही, अक्का.”

तो स्टॉप पुलाच्या त्या बाजूला होता. मी पुलाच्या या बाजूला स्टेशनवर होते. कोणीतरी ‘येतो’ लिहील म्हणून वाट बघत बसलेली.

मला त्या माणसाला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी पप्पांना धक्का दिला असता तर मी क्षमा करू शकले असते की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी तर मदत केली होती. प्रेमानं, हात धरून, त्यांनी माझ्या वडिलांना शहराच्या सगळ्यात मोठ्या गर्दीत पाठवून दिलं होतं आणि आपण एक चांगलं काम केलं म्हणून समाधानानं पुढे गेले होते.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. टेबलावर भाकर आणि द्राक्षरस मांडून ठेवलेला होता. पास्टर म्हणाले, चला. एक वडील म्हणाले, “टेबल मांडलंय, पास्टर. हे आटोपून जाऊ, दहा मिनिटांचं काम.” पास्टरांनी पांढरा कपडा टेबलावर ओढला आणि कोट उचलला. आशीर्वाद झाला नाही, गीत झालं नाही. निम्मी माणसं आमच्याबरोबर निघाली. निम्मी राहिली आणि थोड्या वेळानं आपापल्या घरी गेली असं नंतर कळलं.

मॅजेस्टिकला ज्यानं कधी माणूस शोधलाय त्यालाच ते कळेल. शहराच्या बसेस एकीकडे, गावोगावच्या दुसरीकडे, मधे भुयारी वाट, पलीकडे रेल्वे, आणि सगळीकडे माणसं बोचकी घेऊन घाईत. आम्ही वाटून घेतलं. माझी मैत्रीण, जिचं विशेष गीत होतं, ती रेशमी साडी खोचून शौचालयांच्या रांगा बघत फिरली. पास्टर प्रत्येक फलाटावरच्या कंडक्टरला फोटो दाखवत होते. मी ‘पप्पा’ म्हणून हाका मारत होते. त्या गलबल्यात कोणाकोणाचे पप्पा वळून बघायचे. निपाणीचे गृहस्थ माझ्या मागे मागे होते आणि रडत होते. मी त्यांना म्हटलं, “तुम्ही रडू नका. तुम्हाला कन्नड येतं. विचारा.” ते विचारत राहिले, घसा बसेपर्यंत. ज्याला त्याला हात जोडून.

पप्पा सापडले नाहीत. आम्ही घोषणा करायला लावली, चौकीत पुन्हा कागद दिला. ती रात्र मी लिहीत नाही.

सोमवारी दुपारी सरकारी दवाखान्यातून फोन आला. भुयारी वाटेच्या पलीकडच्या तोंडाशी, आम्ही पोचलो नव्हतो त्या पायऱ्यांवर एक म्हातारे पडलेले सापडले होते, टाय घातलेले. रात्रभर तिथेच बसून होते, लोकांना वाटलं कोणाची तरी वाट बघताहेत. पहाटे एका सफाईवाल्या बाईच्या लक्षात आलं की ह्यांना उठता येत नाहीये. खुब्याचं हाड मोडलं होतं, अंगातलं पाणी आटलं होतं, मूत्रपिंडं थकली होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काल संध्याकाळी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांना काय ठाऊक काल दिवसभर काय चाललं होतं. गुरुवारी ते गेले.

पण त्या सोमवारी ते शुद्धीवर होते. मी, पास्टर आणि निपाणीचे गृहस्थ वॉर्डात गेलो. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुढे गेली. मग निपाणीच्या गृहस्थांवर थांबली. आजवर त्यांना कोणाचा चेहरा तासभर आठवत नव्हता, पण हा आठवला. त्यांनी सुया टोचलेला हात उचलला.

“तुम्हीच ना बसवून दिलंत मला?” ते म्हणाले. “फार उपकार झाले. परक्या मुलखात कोण कोणाचं करतं हो. देव तुमचं भलं करो, तुमच्या लेकराबाळांचं भलं करो.”

ते वडील होते मंडळीचे, आशीर्वाद द्यायची त्यांना सवय होती. शब्द न अडखळता येत होते. निपाणीचे गृहस्थ पलंगाची कडा धरून उभे राहिले. मग ते तिथेच फरशीवर बसले. पास्टरांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी पुढे होऊन म्हटलं, “पप्पा, मी आलेय.”

त्यांनी अदबीनं विचारलं, “आपण कोण?”

“अज्जा, तुमची लेक आहे ही,” खालून निपाणीचे गृहस्थ म्हणाले. “कालपासून शोधायलीय तुम्हाला.”

पप्पांना ते पटलं नाही. ते मला समजावल्यासारखं म्हणाले, “माझी लेक इथंच बंगळुरात असते, बाई. तिथं एक मराठी माणूस भेटला, म्हणत होता, कोणाला बोलवायचं का. मीच नको म्हटलं. रविवार आहे, ती उपासनेत असेल. तिला उठवू नका मधून.”

मी स्टूल ओढून बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. परक्या बाईचा हात म्हणून त्यांनी तो हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेतानं, सोडवून घेतला.